औषध केव्हा थांबवायचे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. या व्यासपीठावर मी आजवर हळदीकुंकवाची तबके घेऊन चढले आहे. बोलण्यासाठी कधी चढले नाही. शिक्षण माझे सातवीपर्यंत. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "सासूबाईंच्या आजारात तुम्ही पासष्ट दिवस इस्पितळात काढलेत, त्यातलेच काही सांगा." तेव्हा उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

पासष्ट दिवसांत पाहिलेले सगळे सांगायला बसले तर रात्र होईल. मी एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे. अतिदक्षता विभागात, म्हणजे आपण ज्याला आय.सी.यू. म्हणतो तिथे, सासूबाईंना न्यूमोनिया झाला होता आणि डॉक्टरबाईंनी आठव्या दिवशी त्यावरचे औषध थांबवले. त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडले. चांगले आवाज चढवून भांडले.

हे का झाले ते समजायला आमच्या घरची एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. आपल्या पिंपरीत १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी काढली. तिला युनिसेफची आणि जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलीन होऊ लागले. इथल्या जुन्या मंडळींना हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे. माझे सासरे पुढे त्याच कारखान्यात पॅकिंगला होते. त्यामुळे आमच्या घरी अँटिबायोटिक म्हणजे घरचे दैवत. मी लग्न होऊन आले तेव्हा थोरल्याला कान फुटल्याचे औषध आणले, दोन दिवसांत बरे वाटले म्हणून मी बाटली बाजूला ठेवली, तर मामंजी रागावले. "कोर्स अर्धा सोडायचा नाही. जंतू अर्धमेला राहिला की शहाणा होतो." हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा झाले आहे की माझी मुले ते मामंजींच्या आवाजात म्हणून दाखवतात.

आता आजाराविषयी. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची साथ आली होती ती तुम्हाला आठवत असेल. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात पुष्कळ रोगी निघाले. पाण्यावर संशय होता, आणि काहींच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. या रोगात आधी जुलाब होतात, ते थांबतात, माणूस बरा झालासे वाटते. आणि मग आपल्याच शरीराची जंतूंशी लढणारी शक्ती चुकून आपल्याच नसांवर उलटते. पाय जड होतात, मग हात, आणि काहींचे श्वासाचे स्नायूही थकतात. आमच्या वन्सं त्या भागात राहतात. सासूबाई नव्या वर्षाच्या सुरुवातीला लेकीकडे आठ दिवस राहायला गेल्या होत्या. परत आल्या आणि २२ जानेवारीला सकाळी न्हाणीघरातून त्यांना उठताच येईना. दुसऱ्या दिवशी त्या श्वासयंत्रावर होत्या.

वन्संच्या मनाला काय लागले असेल ते तुम्ही बायका आहात, तुम्हाला सांगायला नको. आईला पाणी दिले ते आपल्या हाताने, एवढे एकच त्या धरून बसल्या होत्या. कोणी त्यांना एका शब्दाने बोलले नव्हते. पुढे त्या मला जे बोलल्या ते यातूनच बोलल्या हे आज मला कळते. त्या वेळी कळत नव्हते.

श्वासयंत्राची नळी घशातून खाली गेलेली असते. निरोगी माणूस खोकतो, थुंकतो, गिळतो. त्यामुळे तोंडातले जंतू फुप्फुसात उतरत नाहीत. नळी घातली की हा पहारा उठतो. म्हणून यंत्रावर दोन दिवसांहून जास्त राहिलेल्या माणसाला न्यूमोनियाचे भय असते. सासूबाईंना तो दहाव्या दिवशी झाला. ताप १०३, नळीतून हिरवट पिवळा कफ, यंत्राचा प्राणवायू वाढवावा लागला, रक्तदाब उतरला म्हणून तो धरून ठेवणारे औषध चालू केले. छातीच्या फोटोत उजवीकडे खाली पांढरे दिसत होते. १ फेब्रुवारीला दोन अँटिबायोटिके सुरू झाली. तिसऱ्या दिवशी कफाच्या तपासणीचा कागद आला, क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला, आणि कोणते औषध त्याला मारते ते त्या कागदावर होते. लगेच दोनांतले एक बंद केले. तेव्हा मला काही वाटले नाही. एक तरी चालू होते ना!

मी रोज एका वहीत लिहीत असे. शाळेच्या शिल्लक राहिलेल्या वहीत, मागच्या पानापासून. ताप किती, कोण डॉक्टर आले, काय आणून दिले, किती पैसे गेले. त्या वहीत ७ फेब्रुवारीला लिहिले आहे, "उद्यापासून अँटिबायोटिक बंद म्हणतात. मी नाही म्हटले."

मी डॉक्टरबाईंना म्हटले, "अहो, यंत्र अजून चालू आहे. फोटोत डाग तसाच आहे. कफ येतोच आहे. आणि तुम्ही औषध बंद करता? सर्दीखोकल्याच्या गोळ्यासुद्धा पाच दिवस पुऱ्या करायला सांगता, आणि इथे माणूस मरणाच्या दारात!" माझ्या मनात आणखी एक होते, ते बोलून दाखवले नाही. म्हातारे माणूस आहे, बिल वाढले आहे, म्हणून आता हळूहळू हात काढून घेताहेत की काय, असे मला वाटले. आपल्यातल्या कितीजणींना इस्पितळाच्या बाकावर बसून असे वाटले असेल.

डॉक्टरबाई तिशीच्या आतल्या. रात्रपाळी करून डोळे लाल झालेले. त्या चिडल्या असत्या तर मी समजू शकले असते. पण त्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या आणि मी विचारलेल्या एकेका गोष्टीचे उत्तर दिले.

यंत्र चालू आहे ते न्यूमोनियासाठी नव्हे, म्हणाल्या, ते नसांच्या दुबळेपणासाठी आहे, आणि त्याला अजून कित्येक आठवडे लागतील. दोन दुखण्यांची गल्लत करू नका. फोटोतला डाग पाहू नका. न्यूमोनिया बरा झाला तरी वयस्क माणसाच्या फोटोतला डाग जायला दीड ते तीन महिनेही लागतात. (मी मनात म्हटले, चूल विझली तरी भिंतीवरची काजळी राहते, तसेच हे.) कफ तपासला तर त्यात जंतू अजूनही निघतील, कारण नळीत ते वस्ती करून राहतात, वस्ती असणे निराळे आणि रोग असणे निराळे. त्या वस्तीच्या मागे औषध घेऊन लागलो तर औषध कधी थांबणारच नाही.

मग पाहायचे काय? तर ताप दोन दिवस उतरलेला आहे का. रक्तदाबाचे औषध सुटले आहे का. प्राणवायू पहिल्यापेक्षा कमी लागतो का. पांढऱ्या पेशी खाली आल्या का. आणि रक्तात प्रोकॅल्सिटोनिन म्हणून एक पदार्थ असतो, तो जंतूंच्या मोठ्या आजारात चढतो आणि आजार आटोक्यात आला की झरझर उतरतो. तो सर्वांत वर गेलेल्या आकड्यापेक्षा शेकडा ८० ने उतरला किंवा ०.५ च्या खाली गेला, म्हणजे थांबायला हरकत नाही, असा ठोकताळा आहे. सासूबाईंचा पहिल्या दिवशी ८.४ होता, सातव्या दिवशी ०.६. ताप चार तारखेपासून नव्हता. रक्तदाबाचे औषध पाच तारखेला सुटले होते. हे सारे माझ्याच वहीत लिहिलेले होते! मी रोज लिहीत होते, पण बेरीज केली नव्हती. मात्र एकट्या रक्ताच्या आकड्यावर कोणी औषध थांबवीत नाही, माणूस पाहूनच ठरते, हेही त्या म्हणाल्या.

मी म्हटले, "सगळे खरे. पण चार दिवस जास्त दिले तर बिघडले काय?"

यावर त्यांनी जे सांगितले ते मला अगोदरच ठाऊक असायला हवे होते, कारण माझ्या माहेरी ते घडून गेले होते. माझ्या आईला काही वर्षांपूर्वी एका ऑपरेशननंतर तीन आठवडे अँटिबायोटिके दिली होती. जखम बरी झाली, पण मग जुलाब सुरू झाले ते थांबेनात. पंधरवड्यात आई निम्मी झाली. आम्ही म्हटले, इस्पितळाचे अन्न बाधले. डॉक्टरबाई म्हणाल्या, पोटात चांगल्या जंतूंचे विरजण असते. औषधाला चांगला आणि वाईट कळत नाही, ते सगळेच धुऊन काढते, आणि रिकाम्या जागेत एखादा दांडगा जंतू पसरतो. शिवाय काही औषधे मूत्रपिंडाला बाधतात. आणि जे जंतू उरतात ते त्या औषधाला सरावतात. पुढच्या खेपेला तेच औषध लागू पडत नाही. या रोग्याला नाही आणि शेजारच्या खाटेवरच्यालाही नाही, कारण जंतू हातांवरून खाटेखाटेला फिरतात.

आमच्या मामंजींचे वाक्य मी त्यांना ऐकवले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुमचे सासरे चुकीचे बोलत नव्हते. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग साहेबांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना हेच बजावले होते, की औषध अपुरे घ्याल तर जंतूंना त्याचा सराव होईल. पण अपुरे म्हणजे किती, आणि पुरे म्हणजे किती, हे त्या काळी कोणी मोजले नव्हते. दहा दिवस, चौदा दिवस, हे आकडे सवयीने पडले. त्यांनी ऑक्सफर्डच्या पोलीस शिपायाची गोष्ट सांगितली. अल्बर्ट अलेक्झांडर त्याचे नाव. १९४१ साली त्याला पेनिसिलीन दिले, पाच दिवसांत तो सुधारू लागला, आणि औषधच संपले. त्याच्या लघवीतून गाळून काढून पुन्हा दिले तरी पुरले नाही. तो गेला. मला ही गोष्ट ऐकून वाटले की आपल्या सगळ्यांच्या मनात जी भीती आहे ती तिथूनच आली असेल. पण त्याचे औषध कोणी विचार करून थांबवले नव्हते. ते संपले होते.

मोजणे फार पुढे झाले. माझी भाची नर्सिंगला आहे, तिने मला ते कागद काढून मराठीत समजावले आणि आकडे वहीत लिहून दिले, म्हणून सांगू शकते. फ्रान्समध्ये ५१ अतिदक्षता विभागांत ४०१ रोगी घेतले, सगळे यंत्रावर न्यूमोनिया झालेले. चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निम्म्यांना आठ दिवस औषध आणि निम्म्यांना पंधरा दिवस. २००३ साली निकाल छापला. मरणाचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे, आठ दिवसांत शेकडा १९ आणि पंधरा दिवसांत १७, आणि एवढा फरक योगायोगाने पडतो. आणि ज्यांना आजार उलटला त्यांच्यात औषधांना न जुमानणारे जंतू आठ दिवसवाल्यांत शेकडा ४२ निघाले, पंधरा दिवसवाल्यांत ६२.

त्याहून मला दुसरा प्रयोग जवळचा वाटला, कारण तो आपल्यासारख्या देशांत झाला. नेपाळ, थायलंड आणि सिंगापूर, २०१८ ते २०२२, एकूण ४६१ रोगी. त्यात दिवस ठरवून दिलेले नव्हते. ताप ४८ तास नाही आणि रक्तदाब औषधावाचून टिकतो आहे, असे झाले की थांबवायचे, मग तो तिसरा दिवस असो की पाचवा, फार तर सातवा. दुसऱ्या बाजूला नेहमीप्रमाणे आठ दिवस किंवा जास्त. २०२४ साली निकाल आला. मरण आणि आजार उलटणे मिळून दोन्हीकडे सारखेच. पण औषधाचा उपद्रव, विशेषतः मूत्रपिंडाचा, लवकर थांबवलेल्यांत शंभरात ८ जणांना आणि दुसऱ्या बाजूला ३८ जणांना.

हे आकडे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. त्या दिवशी एवढेच झाले की डॉक्टरबाई म्हणाल्या, "चला, आजींनाच विचारू." जीबीएसमध्ये माणूस शुद्धीवर असतो, भगिनींनो. हलता येत नाही, बोलता येत नाही, पण सगळे ऐकू येते, सगळे कळते. सासूबाईंच्या पापण्या तेवढ्या हलत होत्या. एकदा मिटल्या तर होय, दोनदा तर नाही. डॉक्टरबाईंनी कानाशी वाकून सगळे सांगितले, मला सांगितले तितकेच. सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिले. मग एकदा डोळे मिटले. पेनिसिलीनच्या कारखान्यातल्या माणसाची बायको ती! मी बाहेर येऊन रडले आणि हो म्हटले. आमचे हे त्या वेळी कामावर होते. त्यांना फोनवर सांगितले तर म्हणाले, "तू तिथे आहेस, तुला जे योग्य वाटेल ते." पुरुषांचे हे एक बरे असते.

८ तारखेला औषध थांबले. ११ तारखेला संध्याकाळी ताप आला, १०१.

वन्सं धावत आल्या. मला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वहिनी, तू हो म्हणालीस. माझ्या आईचे औषध तू थांबवलेस." मी काय बोलणार? ती रात्र मी बाकावर काढली. देवाचे नावसुद्धा तोंडातून निघेना. माझ्या डोक्यात एकच, मामंजी असते तर काय म्हणाले असते.

डॉक्टरबाईंनी रात्रीच पाहिले. मला वाटले होते की त्या घाईघाईने तेच औषध पुन्हा लावतील, आणि खरे सांगते, लावले असते तर मला हायसे वाटले असते. त्यांनी लावले नाही. आधी ताप कशाचा ते शोधले. छातीत नवे काही नव्हते, प्राणवायू वाढवावा लागत नव्हता, कफ पातळच होता. रक्त तपासायला पाठवले, प्रोकॅल्सिटोनिन ०.५ आले. लघवी पाहिली. शेवटी मानेतल्या शिरेत जी नळी होती तिच्या तोंडाशी लाली दिसली. ती काढली, नवी दुसरीकडे घातली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप गेला. रक्तात जंतू वाढले नाहीत. जर रक्तदाब पडला असता किंवा प्राणवायू वाढला असता तर मी क्षणभर थांबले नसते, लगेच औषध दिले असते, असे त्या नंतर म्हणाल्या. थांबवणे म्हणजे पाठ फिरवणे नव्हे, उलट थांबवल्यावर जास्त लक्ष ठेवावे लागते. आणि खरोखरच त्या तीन दिवसांत त्या पूर्वीपेक्षा जास्त वेळा येऊन गेल्या, हे माझ्या वहीत आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी खोटे बोलल्यासारखे होईल. पलीकडच्या खाटेवर एक पस्तिशीचा मुलगा होता. त्याचेही औषध आठ दिवसांनी थांबवले आणि त्याचा न्यूमोनिया पाचव्या दिवशी उलटला. त्याला स्यूडोमोनास नावाचा चिवट जंतू होता. त्या फ्रान्सच्या प्रयोगातही अशा चिवट जातींच्या बाबतीत आठ दिवसांत शेकडा ४१ जणांचा आजार उलटला होता आणि पंधरा दिवसांत २५ जणांचा. त्या मुलाला औषध पुन्हा द्यावे लागले. तो वाचला, पण त्याच्या आईने ते पंधरा दिवस कसे काढले ते मी पाहिले आहे. फुप्फुसाभोवती पू झालेला असेल, रक्तात काही विशिष्ट जंतू असतील, रोग्याची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली असेल, तर सात दिवसांचा हिशेब लागू होत नाही. क्षयाचे औषध तर महिनोन् महिने घ्यावेच लागते. तिथे मामंजींचे वाक्य अक्षरशः खरे.

आणि घरी बसून कोणी मनाने गोळ्या थांबवायच्या नाहीत, हे माझ्या भाषणातून कोणी घेऊन जाऊ नये. डॉक्टरबाईंनी जे थांबवले ते दिवसातून चारदा माणूस पाहून, रक्त पाहून, पुन्हा सुरू करायची तयारी ठेवून थांबवले. आपण थांबवतो ते बरे वाटले म्हणून, आणि उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवतो ते पुढच्या वेळी शेजारणीला द्यायला. मीही ठेवीत असे. परतल्यावर पहिल्या आठवड्यात तो डबा रिकामा केला. लाल रेघ असलेल्या पाकिटांतल्या सात प्रकारच्या गोळ्या निघाल्या, एक तर २०१९ ची!

तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर, येऊ नये, पण आली तर, भांडायच्या आधी विचारा. कोणता जंतू निघाला? आज कितवा दिवस? ताप केव्हापासून नाही, रक्तदाबाचे औषध सुटले का? थांबवल्यावर काय दिसले तर पुन्हा सुरू कराल? आणि जिथे पंधराव्या दिवशीही औषध चालूच आहे तिथे उलटे विचारा, की अजून कशासाठी? हा दुसरा प्रश्न आपण कधीच विचारीत नाही. चालू असलेल्या औषधाचा आपल्याला धीर वाटतो.

सासूबाई मार्चच्या पहिल्या आठवड्यात यंत्रावरून सुटल्या. गुढीपाडव्याच्या दोन दिवस आधी घरी आल्या, खुर्चीवरून. गळ्यावरच्या छिद्राचा व्रण आहे, जिने चढता येत नाहीत, भाकरी थापायला बसल्या तर हात भरून येतात. वन्संचे आणि माझे बोलणे महिनाभर तुटक होते. मग एक दिवस त्याच आल्या, आईच्या पायांना तेल चोळत बसल्या आणि मला म्हणाल्या, "त्या रात्रीचे मनात ठेवू नकोस." मी म्हटले, ठेवले नाही. थोडे ठेवले होते.

ती वही मी आज बरोबर आणली आहे. भाचीने लिहिलेली पाने शेवटी आहेत, माझी मागून आहेत. अक्षर वाईट आहे. मंडळाच्या कपाटात ठेवून जाते. ज्या कोणाचे माणूस आत असेल तिने घेऊन जावी, उरलेल्या कोऱ्या पानांवर आपले लिहावे, आणि काम झाले की परत आणून ठेवावी.